विषय: हॉट टबचा ब्रेकर टिकत नाही

मंडळी, नमस्कार.

यंदाची कोजागिरी आमच्या डेकवर, हे सगळ्यांना माहीत आहेच. त्याआधी हॉट टब सुरू करावा म्हणून जुना पण धडधाकट टब आणला. चर खणला, पाईप टाकला, ५० अँपिअरच्या जीएफसीआय ब्रेकरचा (करंट गळला की पडणारा) स्पा पॅनल, म्हणजे टबाची वेगळी ब्रेकरपेटी, भिंतीवर लावला. टब चालू केला की ब्रेकर फटकन पडतो. शेजारी म्हणतो साधा ब्रेकर टाक, त्याचा कित्येक वर्षं तसाच चाललाय. टाकू का? अण्णा एमएसईबीत होते, म्हणून मुद्दाम विचारतो.

— बंड्या (ढोल, तिसरी रांग)

*

बंड्या,

शेजाऱ्याला मसाला दूध पाज, पण त्याचा सल्ला घेऊ नकोस. साधा ब्रेकर तार जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. तुझा हा पाच मिलिअँपिअरच्या आसपासच्या गळतीला पडतो. आपल्याकडे भारतात घरात बसवतात तो तीसला. ओल्या अंगाला पाचच बरे.

घरातल्या पॅनलमधला टबाचा ब्रेकर पाड, मीटर लावून तारा मेल्याची खात्री कर आणि मगच स्पा पॅनल उघड. टबाकडून आलेली पांढरी तार कुठे लावलीस?

— अण्णा

*

अण्णा, पांढऱ्या सगळ्या न्यूट्रलच्या पट्टीवर. ब्रेकरची ती गुंडाळलेली पांढरी शेपटीही तिथेच. बेसमेंटच्या कामातून ६ गेजची रोमेक्स (घरातल्या वायरिंगची केबल) उरली होती, तीच पीव्हीसी पाईपातून ओढली. चर फूटभर खोल असेल.

*

सापडलं. शेपटी पट्टीवरच हवी, पण टबाची पांढरी थेट ब्रेकरच्या न्यूट्रल स्क्रूला. टबातला कंट्रोल बोर्ड १२० व्होल्टवर चालतो. त्याचा करंट जातो ब्रेकरमधून आणि तुझ्याकडे परततो पट्टीवरून, ब्रेकरला बगल देऊन. गेला तेवढा परत आला नाही, एवढंच त्याला कळतं. बिचारा इमानदारीत पडतोय. आणि त्या पॅनलमध्ये न्यूट्रल व अर्थिंग एकत्र बांधू नकोस.

पण तार बदलून झाल्यावर लगेच टबात उतरू नकोस. रोमेक्स घराच्या आत, कोरड्यात चालते. जमिनीखालचा पाईप आतून ओलाच धरायचा, आणि तिच्या आवरणाखाली कागद असतो, तो पाणी पितो. ती सगळी काढ. ओल्यात चालणाऱ्या तांब्याच्या टीएचडब्ल्यूएन तारा ओढ: काळी, लाल, पांढरी ६ गेजच्या, हिरवी १० ची. पीव्हीसी पाईपावर १८ इंच माती हवी, म्हणजे चरही परत खणणं आलं. स्पा पॅनल टबाच्या पाण्यापासून निदान पाच फूट लांब, पण टबाजवळून दिसणारा हवा. पाण्यात बसून हात पोचला तर काय उपयोग?

घरातल्या पॅनलमध्ये मात्र तू हात घालू नकोस. मेन पाडला तरी मीटरकडून आलेल्या जाड तारा जिवंत असतात. त्याला लायसनवाला बोलव.

— अण्णा

*

बंड्या, परमिट काढलंस का? आणि खणण्याआधी ८११ ला फोन? जमिनीखाली काय काय गेलंय ते माणसं येऊन रेघा मारून दाखवतात. न्यू जर्सीत तीन कामाचे दिवस आधी करायचा असतो, फुकट आहे. आमच्या अंगणात ते पिवळी रेघ मारून गेले तेव्हा कळलं, गॅसची पाईप नेमकी तुळशी वृंदावनाखालून जाते. वृंदावन मग कुंडीत गेलं.

— शेजारच्या गल्लीतली ताई

*

ताई, दोन्ही नाही केलं. आज अर्ज भरला, ८११ लाही फोन केला. टाऊनशिपमधल्या बाईंनी बजावलंय, इन्स्पेक्टर पाहीपर्यंत चर उघडाच ठेवायचा. म्हणजे कोजागिरीला दूध डेकवर, टब कोरडा आणि झाकलेला. चराभोवती दोरी बांधतो, तरी पोरांना त्या बाजूला सोडू नका. शनिवारी ज्यांना जमेल त्यांनी फावडं घेऊन या, पोहे आमच्याकडे.

— बंड्या