मदत हवी आहे : स्ट्रिंग क्वार्टेट लिहून झालाय, दीड लाख कशावर घालू?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. चूकभूल पोटात घाला.

मी मिरजेचा. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळद-बेदाण्याच्या पट्ट्या करायच्या, हमाली-तोलाई वजा करायची, संध्याकाळी गल्ल्याचा मेळ घालायचा. आणि रात्री साडेदहानंतर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लिहायचं. स्टाफ नोटेशनमध्ये, रीतसर. शिक्षण म्हणाल तर भजनी मंडळात पेटी वाजवायचो तेवढंच. बाकी सगळं म्युझस्कोअर हे फुकटातलं सॉफ्टवेअर, आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या फुकट ऑनलाइन संग्रहातल्या जुन्या स्वरलिप्या आणि यूट्यूबवर संगीताबरोबर नोटेशन सरकत जातं ते व्हिडिओ, यांवर चाललंय. बारा वर्षं झाली. आई अजूनही विचारते, "वाद्यं लावून कधी व्हायची तुझी?"

गेल्या वर्षी दोन व्हायोलिन, व्हायोला (व्हायोलिनचाच जरा मोठा, खालच्या आवाजाचा भाऊ) आणि चेलो (त्याहून मोठा, बसून वाजवायचा) यांच्यासाठी, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेटसाठी, अठरा मिनिटांची एक रचना पुरी केली. ती सुचली सतारमेकर गल्लीत. तंबोऱ्याची जवारी (तारेचा घुमारा) लावताना कारागीर घोडीवर तारेखाली सूत सरकवतात. केसभर इकडे-तिकडे झालं की तार मुकी, आणि नेमक्या जागी आलं की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार बोलायला लागतो. ते दोन-तीन सेकंद मला चार वाद्यांत मांडायचे होते. हा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा 14 सेंट उतरलेला असतो (एका अर्ध्या स्वराचे 100 सेंट धरले तर). म्हणून तिथं मी नोटेला खाली जाणारा बाण काढलाय.

परवाच्या पावसाळ्यात पुण्यात चार वादक गाठून, दोन तासांचे पैसे मोजून वाजवून घेतलं. फजिती झाली. दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांनी तिसऱ्याच पानावर हात थांबवला. "हे वाजत नाही हो." मी व्हायोलिनला सगळ्यात खालचा जी आणि त्याच्या वरचा ए हे दोन स्वर एकदम दिले होते. दोन्ही एकाच तारेवर! वरची डी तार डीच्या खाली उतरत नाही, मग ए घ्यायचा कुठून? कॉम्प्युटरने मला हा स्वरमेळ आठ महिने बिनबोभाट ऐकवला होता. पुढे पानं उलटायला कुणालाच जागा ठेवली नव्हती, ते वेगळंच. दीड तास दुरुस्त्यांत गेला.

शेवटच्या अर्ध्या तासात व्हायोलावाल्या ताईंनी विचारलं, "हा बाण कशाला?" मी मोबाइलवर तंबोरा लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि बोट जरासं मागे घेतलं. तोवर चेलोच्या खर्जाशी त्यांचा स्वर सेकंदाला दोन-अडीच वेळा हिंदकळत होता, ते हिंदकळणं थांबलं. मग चौघांनीही तेवढं एकच पान तीनदा वाजवलं, मी न सांगता. रेकॉर्डिंग मोबाइलवरच आहे. आणि नेमकं त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत.

आता अडचण. परदेशातल्या एका कार्यशाळेचा अर्ज भरायला घेतला. त्यात शिक्षकांची नावं, संस्था आणि दोन शिफारसपत्रं मागितलीत. मिरजेत गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्यालय आहे, त्यांच्या हिंदुस्थानी संगीताच्या मध्यमा-विशारद परीक्षा दिलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण माझ्या कामावर सही करणार कोण? मला धीर द्यायला लोक इंग्रज संगीतकार एल्गारचं नाव घेतात. तोही संगीत विद्यालयात गेला नाही, 'एनिग्मा व्हेरिएशन्स' या वाद्यवृंदाच्या रचनेने नाव झालं 1899 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. खरंय. पण त्याच्या बापाचं संगीताचं दुकान होतं आणि तो स्वतः वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. जपानचे संगीतकार ताकेमित्सु जवळपास स्वतःच शिकले, पण राहायला टोकियोत. पंजाबातून 1962 साली लंडनला गेलेले संगीतकार नरेश सोहल तिथं स्वरलिप्यांच्या नकला करून पोट भरायचे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या रचना हाताखालून जायच्या. 1982 साली प्रॉम्स या लंडनच्या मोठ्या संगीत महोत्सवात त्यांची रचना वाजली. यातला कुणीही वादकांपासून साडेतीनशे मैल लांब बसून स्वयंशिक्षित झालेला नाही. मला डिग्री नसल्याचं तितकं वाटत नाही, व्हायोला पहिल्यांदा हातात धरला तो चाळिशीत, याचं वाटतं.

(मैल जरा जास्तच झाले. पुणे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. पण एसटीने जाऊन बघा.)

दीड लाख साठवलेत. ते चांगल्या स्टुडिओत चार वादक बसवून रेकॉर्डिंगवर घालू, की ऑनलाइन शिकवणीवर? शिकवणी लावली तर शिफारसपत्राचा प्रश्न सुटेल, पण मग वाजवून घ्यायला काही उरत नाही. आणि परिचयात "स्वयंशिक्षित" सरळ लिहावं की गाळावं? मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद 2006 पासून आहे, त्यातले वादक बाहेरची अशी कामं घेतात का, कुणाला प्रत्यक्ष अनुभव?

"त्यापेक्षा मालिकांना पार्श्वसंगीत द्या" हा सल्ला घरून मिळालेला आहे, कृपया परत नको.

भर : प्रतिसादांबद्दल आभार. दोघा-तिघांनी लिहिलंय की आधी एक जुनं व्हायोलिन घ्या आणि सहा महिने वाईट वाजवा. पटलं. रविवारी बघायला जातोय. ज्यांनी "बाण काढून टाका, परीक्षक गोंधळतील" असं सुचवलं त्यांचं मात्र ऐकणार नाही. बाण गेला तर उरलेल्या सतरा मिनिटांना काही कामच नाही.

सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात कुणी व्हायोला किंवा चेलो वाजवणारं असेल, अगदी शिकाऊसुद्धा, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण माझ्याकडे. फक्त जानेवारी संपायच्या आत जमवू या, नंतर हळदीची आवक सुरू झाली की मे महिन्यापर्यंत मला रात्री दहाशिवाय सुटका नसते.