मुंबईत एका शनिवारात फुललेली झाडं आणि चित्रप्रदर्शन, दोन्ही जमेल का?

डोंबिवलीची_सून:
आठवीतल्या लेकीला एलिमेंटरीत 'ए' ग्रेड मिळालीय. तेव्हापासून तिचा धोशा आहे, "आई, खरी चित्रं बघायचीत, मोबाइलवरची नाही." सासूबाईंना म्हणे सध्या सगळीकडे फुललेली गुलाबी झाडं बघायचीत, त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो आले. हे म्हणतात, आर्ट गॅलरी आपल्यासारख्यांसाठी नसते, तिथे दारातूनच नजरेने हाकलतात. शनिवारी सुट्टी आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, हे लक्षात घेऊन कुणी नीट सांगेल का? कुठे जाऊ, आणि तिकीट किती लागतं?

मधल्यासुट्टीत:
यजमानांना सांगा, जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीटच नाही. रोज अकरा ते सात, कुणीही आत जावं. मी फोर्टात बँकेत होते. डबा भरभर संपवायचा आणि उरलेल्या वेळात जहांगीर गाठायची, हीच माझी मधली सुट्टी. सुती साडी, घामेजलेला चेहरा, हातात रिकामा डबा, अशा अवतारात जायचे. कधी कुणी हटकलं नाही.

पण गॅलरी अकराला उघडते, आणि झाडं बघायची तर उन्हं चढायच्या आत. म्हणून आधी भायखळा. डोंबिवलीहून भायखळ्याला थांबणारी फास्ट पकडा आणि राणीबाग उघडता उघडता आत शिरा. लोक पेंग्विनच्या रांगेकडे धावतील, तुम्ही झाडांकडे वळा. उर्वशीचं झाड कुठे आहे ते माळ्याला विचारा. त्याचे लालबुंद घोस फांदीवरून खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. वर नाही, खाली बघत बसायचं फूल आहे ते, सासूबाईंना मान वर करावी लागणार नाही. सीतेचा अशोकही याच दिवसांत फुलतो. केशरी-लाल गुच्छ थेट जाड फांदीला चिकटलेले असतात.

तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 सालचं. चालू आहे ना, ते आधी बघून जा. आत मातीच्या इवल्या इवल्या मूर्ती आहेत, जुन्या मुंबईतले कारागीर, फेरीवाले, जातीजातीची माणसं. पागोट्यांचे प्रकारच बघत बसावे. बाहेर दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तुटला, मग इथे जोडून उभा केला. याच आवारात सातव्या एडवर्डचा काळा पुतळा आहे, घोड्यावर बसलेला. हा मूळचा 'काळा घोडा'. 1965 मध्ये फोर्टातून, जहांगीरजवळून, उचलून इथे आणला, काळा घोडा हे नाव मात्र तिकडच्या भागालाच राहिलं. 2017 मध्ये तिकडे नवा घोडा बसवला, त्यावर राजा नाही. लेकीला म्हणा, सकाळी जुना घोडा, दुपारी नवा. दोन्ही वहीत काढ.

भायखळ्याहून सीएसएमटी, तिथून जहांगीरला टॅक्सी. चालायला लावू नका सासूबाईंना.

आता जहांगीरची खरी गंमत. इथे चित्रकार आठवड्याभरासाठी दालन घेतो, मंगळवार ते सोमवार. बहुतेक वेळा तो स्वतः तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो आणि कुणी काही विचारेल का, याची वाट बघत असतो. दिवसभर लोक येतात, सेल्फी काढतात, "छान आहे" म्हणून वहीत सही करून जातात. तुमच्या लेकीने नुसतं विचारलं, "हा रंग कसा आणला?" तर अर्धा तास हलू देणार नाही. मला एकाने जलरंगातलं आभाळ दाखवलं होतं. म्हणाला, जवळ या, अजून जवळ. रंगाच्या खाली पेन्सिलीची रेघ स्वच्छ दिसत होती, खोडलेली नव्हती. वस्तुचित्राच्या पेपराला आपण ती रेघ मुकाट्याने पुसत असतो! छापील फोटोत हे कळत नाही, त्यासाठी कागदासमोर नाक नेऊन उभं राहावं लागतं.

चित्राशेजारी लाल टिकली दिसली की समजायचं, विकलं गेलं. किंमत विचारायची लाज वाटून घेऊ नका, यादी टेबलावर असते. आणि चारही दालनं संपवायचा हट्ट नको. आवडलेल्या एकाच भिंतीसमोर रेंगाळा. आत चहाला समोवार होतं, ते 2015 ला बंद झालं. मला अजून त्याचा राग आहे, पण तो इथे नको.

रानवाटा_बोरिवली:
सासूबाईंना आलेले फोटो विक्रोळीचे असणार, घाटकोपर ते विक्रोळी हायवेच्या कडेने ओळीने टॅबेबुया आहेत. फेब्रुवारी-मार्चात पानं गळतात आणि झाड नुसतं गुलाबी होतं. बहर फार टिकत नाही, तेव्हा या शनिवारी की पुढच्या, असा घोळ घालू नका. पण हे झाड अमेरिका खंडातलं, आपलं नाही. वसंत बघायचा तर पळस, पांगारा आणि काटेसावर बघा, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात. काटेसावरीवर मैना, बुलबुल, कोतवाल यांची झुंबड असते, मधासाठी भांडतात. टॅबेबुयावर असली जत्रा मी पाहिली नाही. आणि हायवेला गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. सर्व्हिस रोड कशाला आहे?

मधल्यासुट्टीत:
काटेसावरीचं मान्य. पण उर्वशी ब्रह्मदेशातली आणि गुलमोहर मादागास्करचा. त्यांनाही परत पाठवायचं का? सासूबाईंना गुलाबी बघायचंय, बघू द्या की.

डोंबिवलीची_सून:
किती छान लिहिलंत ताई! यजमानांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, मीही येतो. मॉडर्न आर्टची सरकारी गॅलरीही तिथेच आहे ना? एकाच फेरीत उरकू का?

मधल्यासुट्टीत:
समोरच आहे, पण त्या दिवशी नको. 1911 सालचं सभागृह ते, कावसजी जहांगीर हॉल, 1996 पासून तिथे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे. आतली दालनं अर्धगोलात एकावर एक चढत जातात. गुडघेवाल्यांनी तिथे जावं ते ताजेतवाने असताना. लेकीला पुढच्या सुट्टीत यजमानांबरोबर पाठवा. सोमवारी ते बंद, राणीबाग बुधवारी बंद, म्हणजे शनिवारला अडचण नाही.

आणि जहांगीरच्या बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात. दहा-पंधरा मिनिटांत समोरच्या माणसाचं पेन्सिलीने चित्र काढून देतात. सासूबाईंचं काढून घ्या. तेवढा वेळ त्यांना बसायलाही मिळेल, आणि लेकीला हात कसा चालतो ते पाठीमागून बघता येईल.