बाळ एकाच बाजूला पितं, मान पण एकीकडेच... फिजिओथेरपीने खरंच फरक पडतो का?

रानजाई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत असते, पहिल्यांदाच लिहितेय. रात्रीचे पावणेतीन वाजलेत आणि एका हाताने टाईप करतेय त्यामुळे चुका सांभाळून घ्या.

मुलगा ६ आठवड्यांचा, पहिलंच बाळ. शेवटपर्यंत पायाळू होता, फिरलाच नाही म्हणून सिझर. जन्मतः २ किलो ९००, मग थोडं उतरलं, पंधराव्या दिवशी परत २ किलो ९०० आणि काल ३ किलो ४५० भरलं. प्रॉब्लेम असा की उजवीकडे घेतला की गटागटा पितो आणि डावीकडे घेतला की धनुष्यासारखा ताठ होतो, दोन-चारदा ओढतो, सोडतो, लालबुंद होऊन रडतो. पकडलंच कसंबसं तर सोडल्यावर निपल बघावं तर पेन्सिलीला तिरका छाट मारल्यासारखं झालेलं असतं. त्या बाजूला चिरा पडल्यात, मागच्या आठवड्यात दूध तुंबून गाठ झाली, ताप आला, तो वेगळाच किस्सा.

आई म्हणते त्याला डावीकडचं दूध आवडत नाही. सासूबाई म्हणतात पुरत नाही त्याला, वरचं सुरू करा. मालीशवाल्या मावशी म्हणतात मान धरलीये, तेल लावून ओढून सरळ करते, आणि त्या ओढतात तेव्हा तो ज्या आवाजात रडतो ना तो मला खोलीत बसून ऐकवत नाही.

काल मोबाईलमधले फोटो बघत होते तेव्हा लक्षात आलं की एकूण एक फोटोत हा डावीकडेच बघतोय आणि डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं, अगदी बारशाच्या फोटोत पण!! मागून डावीकडे डोकं चपटं पण व्हायला लागलंय (मोहरीची उशी चालू आहे). इथले डॉक्टर बघू, होईल हळूहळू म्हणाले. मामेबहीण म्हणते फिजिओला दाखव. घरात सांगितलं तर सगळे हसले, दीड महिन्याच्या पोराला फिजिओ कशाला, त्याचे काय गुडघे दुखतायत का म्हणे. कुणाला अनुभव आहे का? आम्ही सांगलीजवळ आहोत.

कढीपत्ता:
आधी जीभ बघून घे. माझ्या भाचीला टंग-टाय होता, जिभेखालचा पडदा पार टोकापर्यंत. डॉक्टरांनी दोन मिनिटात कापला आणि त्या दिवसापासून बाई जे प्यायला लागली ते आजतागायत थांबली नाहीये, आता पाच वर्षांची आहे आणि डबा संपवून दुसऱ्यांचा पण खाते :)

तळेगावकरीण:
रानजाई, तुझी पोस्ट वाचून अंगावर काटा आला, अगदी आमचीच गोष्ट. फक्त आमची बाजू उलटी होती. मी पावणेतीन महिने एका बाजूने पाजलं, दुसरी बाजू इतकी आटली की ब्लाऊज एकीकडे ढगळ आणि एकीकडे फाटायच्या बेतात. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे.

शेवटी लसीला गेलो तेव्हा तिथल्या नर्सबाईंनी मान बघून लहान मुलांच्या फिजिओकडे पाठवलं. मी मनात तयारी करून गेले होते की आता मशिनं लावणार, शेक देणार. तसलं काही नाही!! त्या बाईंनी आधी सांगितलं, बाळाला भूक लागली की पाजा, मी बघते. आणि खरंच पाऊण तास नुसत्या बसून बघत होत्या, मी कशी बसते, त्याची हनुवटी कुठे येते, खांदा कुठे अडकतो, गिळल्याचा आवाज येतो का. मग त्याला मांडीवर उताणा घेतला, लाल खुळखुळा हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला. एका बाजूला पोरगं खांद्यापर्यंत वळलं आणि दुसऱ्या बाजूला मध्यावर आल्यावर डोळे पुढे गेले पण मान तिथेच राहिली. डोळे जातायत आणि मान जात नाहीये!! इतके दिवस माझ्या समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. तिथेच रडले मी.

पाच वेळा गेलो असू एकूण. बाकी सगळं घरीच करायचं होतं. आम्ही उशिरा गेलो म्हणून वेळ लागला, तू उशीर करू नकोस एवढंच सांगेन.

मणका:
मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, पंधरा वर्षं हेच काम करतेय. इथून निदान करणार नाही, हात लावल्याशिवाय करूही नये, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून पहिली शंका टॉर्टिकॉलिसची, म्हणजे आखडून वाकड्या झालेल्या मानेची येते. कानामागून छातीच्या हाडापर्यंत एक तिरका स्नायू जातो, आपण मान वळवली की दोरीसारखा वर येतो तो. उजवीकडचा आखडला की डोकं उजवीकडे कलतं आणि हनुवटी डावीकडे वळते. तुमच्या फोटोत आहे ते हेच. काही बाळांना दोन-तीन आठवड्यांनी त्या स्नायूत बोराएवढी गाठही लागते, बहुतेक वेळा ती काही महिन्यात आपोआप विरते, पण सोनोग्राफी करून खात्री करून घेतात.

आता दुधाशी याचा संबंध काय ते. नेहमीसारखं आडवं घेऊन डावीकडे पाजताना बाळ उजव्या कुशीवर येतं आणि त्याला तोंड उजवीकडे फिरवावं लागतं. नेमकं तेच त्याला जमत नाहीये. शिवाय नीट पकड घ्यायला डोकं किंचित मागे जायला हवं, जबडा मोठा उघडायला हवा, हनुवटी तुमच्या छातीत रुतायला हवी. मान ओढलेली असेल तर जबडाही तिरका उघडतो, एका बाजूला हिरडी जास्त दाबते, म्हणून तुमचं ते छाट मारल्यासारखं निपल आणि चिरा. त्यात ओढणं, गिळणं आणि श्वास या तिन्हीचा ताल त्याला सांभाळायचा असतो, मान आखडलेली असताना तो बिघडतो आणि बाळ चिडतं. तुमच्या दुधाला चव-बिव काही लागलेली नाहीये.

आज रात्रीच करून बघा. आधी उजवीकडे नेहमीसारखं पाजा. मग त्याला न फिरवता, आहे त्याच कुशीवर तसाच डावीकडे सरकवा, म्हणजे त्याचे पाय तुमच्या डाव्या काखेखालून मागे जातील, खाली उशी आणि त्याच्या मानेला तुमचा डावा तळहात. बाळाच्या लेखी अजून उजवीकडेच चाललंय :) सिझरच्या टाक्यांवरही वजन येत नाही. डोकं मागून दाबू नका, दाबलं की बाळं मागे रेटतात. पकड कशी दिसायला हवी ते आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्यूटोरियलचे मराठीतले व्हिडिओ आहेत त्यात छान दाखवलंय. तोपर्यंत डावीकडचं दूध हाताने काढत राहा आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, नाहीतर मागणी नाही म्हणून ती बाजू आटेल आणि परत गाठ होईल. पुन्हा ताप आला तर तुमच्या डॉक्टरकडे लगेच.

वजनाचं म्हणाल तर पहिल्या तीन महिन्यात दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. तुमचा ४ आठवड्यात ५५० ग्रॅम म्हणजे १९-२० च्या घरात, काठावर आहे. घाबरू नका पण दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील तर ठीक. मरगळला, लंगोट कोरडे राहायला लागले, किंवा मान अचानक एका दिवसात वाकडी झाली तर फिजिओ-बिजिओ राहू दे, आधी बालरोगतज्ज्ञ.

आणि पायाळू म्हणालात म्हणून एक महत्त्वाचं. पायाळू बाळांमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याची शक्यता जास्त असते, आणि अशा मानेसोबतही ते दिसतं. ६ आठवड्यांच्या सुमाराला खुब्याची सोनोग्राफी करायची असते. झालीये का? नसेल तर याच आठवड्यात विचारा. (आमच्या गावाकडे उसण भरली की पायाळू माणसाला पाठीवर पाय लावायला बोलवायचे. इथे त्याचीच मान आखडून बसलीये!)

घरच्यांना एवढं सांगा, अमेरिकेतल्या फिजिओथेरपी संघटनेच्या बालविभागाच्या २०१३ च्या गाईडलाईन्स आहेत, २०१८ ला सुधारल्या, त्यात म्हटलंय की महिन्याच्या आत सुरू केलं तर जवळजवळ सगळी बाळं दीड महिन्यात बरी होतात, नंतर सुरू केलं तर सहाएक महिने जातात आणि सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर नऊ-दहा. म्हणजे 'बघू, हळूहळू' हे औषध इथे चालत नाही. स्ट्रेचिंग मुद्दाम लिहीत नाहीये, ते हात धरून शिकायचं असतं. बऱ्याच जिल्ह्यांच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डीईआयसी नावाचा लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणारा विभाग असतो, २०१३ च्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेतला, तिथे फिजिओ असतो आणि पैसे लागत नाहीत, तिथे चौकशी करा. मान कडकन मोडून देणाऱ्या कुणाच्या हातात मात्र बाळ देऊ नका.

कढीपत्ता, जीभही बघायलाच हवी, बरोबर आहे. पण हल्ली दूध ओढत नाही म्हटलं की लगेच पडदा कापायचं चाललंय. फक्त जिभेचा त्रास असता तर साधारण दोन्हीकडे झाला असता ना.

काकू_नाशिक:
अहो पण आमच्या तीन पिढ्या मालीश करूनच वाढल्या, आमच्या वेळी कुठे होते फिजिओ. उगाच मावशींना नावं ठेवू नका. आणि मोहरीच्या उशीने डोकं गोलच होतं, माझ्या दोन्ही मुलांची बघा.

मणका:
काकू, मालीशला नाही म्हणतच नाहीये मी, तेल लावा, हातपाय चोळा, बाळाला आवडतंच ते. फक्त मान ओढायची नाही आणि डोकं दाबून आकार द्यायचा नाही. झोपताना उताणं आणि उशीशिवाय, वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ उशी श्वासाच्या दृष्टीने धोक्याची. चपटं होऊ नये म्हणून जागेपणी आईच्या छातीवर पालथं घ्या, दिवसातून पाच-सात वेळा दोन-दोन मिनिटं. आणि याच्या बाबतीत आई, खिडकी, पंखा, जे काही बघण्यासारखं आहे ते त्याच्या उजव्या हाताला ठेवा.

जुळ्यांची_आई:
जरा वेगळा अनुभव. माझी जुळी ३१ आठवड्यांची, मुंबईत एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) होती. त्यांची मान-बिन ठीक होती पण ओढायचं कळतच नव्हतं, दोनदा ओढलं की श्वास विसरायची आणि मॉनिटर बोंबलायचा. तो ताल साधारण ३४ आठवड्यांच्या आसपास जमायला लागतो असं सांगितलं. थेरपिस्ट रोज येऊन करंगळीने गालाला, ओठांना, हिरड्यांना हलके हलके मसाज करायची, मग रिकाम्या केलेल्या छातीला नुसतं चोखायला लावायचे, सोबत कांगारू केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर घेऊन ठेवायचं. माझं दूध यायला वेळ लागला तेव्हा मिल्क बँकेचं दूध मिळालं. तेव्हा कळलं की आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या सायन हॉस्पिटलमध्ये निघाली, १९८९ साली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी काढली. सांगायचं म्हणजे दूध पिणं ही पण शिकायची गोष्ट असते काही पोरांसाठी, आणि शिकवणारी माणसं असतात.

रानजाई:
अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, सॉरी. त्या रात्रीच सरकवून बघितलं. पहिल्या दोन वेळा नाही जमलं, तिसऱ्यांदा पहाटे पाचला हा झोपेत होता तेव्हा काखेखाली घेतला आणि चक्क प्यायला!! आई उठून बघायला आली, म्हणे हा काय बगलेत फाईल धरल्यासारखा धरलायस.

सिव्हिलला गेलो. उजवीकडे गाठ निघाली, सोनोग्राफीत स्नायूचीच आहे म्हणाले. खुबे नॉर्मल, मणकाताई तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही केलीच नसती. व्यायाम दोन शिकवलेत, प्रत्येक लंगोट बदलताना करायचे, म्हणजे दिवसाला होतातच बारा-पंधरा वेळा. सासूबाईंना तिथे मुद्दाम नेलं होतं, त्यांनी स्वतः हात धरून शिकून घेतलं आणि आता माझ्याकडून चुकलं तर त्याच मला ओरडतात. वजन १९ दिवसांत ४ किलो ५० ग्रॅम झालं. मान अजून पूर्ण वळत नाही, उजवीकडे खिडकीपर्यंत येते, कपाटापर्यंत नाही.

मावशींना मान सोडून बाकी अंग दिलंय. थोड्या रुसल्यात, पण येतायत.