मदत हवी आहे: बॅटरी कारखान्यातलं शिसं आणि मिस्टरांचे हार्मोन रिपोर्ट

नमस्कार मंडळी. माझे मिस्टर दहा-अकरा वर्षं एमआयडीसीतल्या बॅटरी कारखान्यात आहेत, कायम प्लेट कास्टिंग आणि पेस्टिंगला, म्हणजे वितळलेल्या शिशाच्या प्लेटा ओतणं आणि त्यांवर शिशाचा लगदा भरणं. मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्या. माझं सगळं नॉर्मल, त्यांचा स्पर्म काउंट बराच कमी आणि टेस्टोस्टेरॉनही कमी. डॉक्टरांनी तंबाखू, वजन, ताण सगळं विचारलं. काम काय करता हे विचारलंच नाही! मी सांगितल्यावर "असेल थोडा परिणाम" एवढंच.

शिशाने वीर्य आणि हार्मोन बिघडतात हे काही आजचं ज्ञान नाही. कामाच्या जागचं रसायन कारणीभूत असल्याचं असंच उशिरा कळतं: १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक (मातीतले बारीक कृमी मारणारं शेतीचं औषध) बनवणाऱ्या कामगारांचं वंध्यत्वही आपसांतल्या बोलण्यातूनच उघडकीला आलं होतं.

रक्तातलं शिसं मोजणारी खात्रीची लॅब पुणे-मुंबईकडे कुठली? कंपनी दरवर्षी रक्त घेते, रिपोर्ट हातात देत नाही. तो लेखी मागावा का, की साहेब डूख धरतील?

खातं बदलून मिळालं तर रक्तातलं शिसं काही महिन्यांत उतरतं, हाडांतलं वर्षानुवर्षं राहतं असं वाचलं. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, मग फेरतपासणी कधी करावी? कुणाचा काउंट सुधारला का?

ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा आहे. नोकरी सांभाळून कुणी दावा केलाय का?

आणि कृपया भस्मं सुचवू नका. नागभस्म म्हणजे शिसंच!