सीएसएमटीवरची नक्षी नक्की कोणी कोरली? आणि समोरच्या महापालिकेवरची पंखवाली कोण?

भडंग_सांगली
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात कोर्टाच्या कामाला मुंबईला गेलो होतो, रात्री सांगलीतून महालक्ष्मी आणि सकाळी सीएसएमटी, वकीलसाहेबांनी वेळ दिलेली अकराची. मग चहा घेऊन समोरच्या फूटपाथवर उभा राहिलो आणि मान वर करून ते स्टेशन बघत बसलो. पंचवीस वर्षं जातोय येतोय, पण बॅग सांभाळ, टॅक्सी बघ, यातच वर बघायचं राहून गेलं. काय काय आहे ओ तिथं! मोर, माकडं, पानं, गेटच्या एका खांबावर सिंह एका खांबावर वाघ, भिंतीवर गोलात माणसांचे चेहरे, त्यातला एक तर पगडीवाला आपलाच कुणीतरी वाटतो. घड्याळाच्या खाली एक कोनाडा रिकामाच आहे. समोर महापालिकेच्या बिल्डिंगवर पंख असलेली बाई. हे सगळं इंग्लंडवरून कोरून आणलं की इथं केलं? आणि दगड दोन-तीन रंगांचा का? जाणकारांनी सांगा, गुगलवर नुसते हॉटेलवाले येतात.

फोर्टातला_सातारकर
मूळ सातारा, नोकरी फोर्टात, त्यामुळं रोज बघतो. आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, काम सुरू १८७८ ला, पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली, व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव दिलं १८८७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून. रिकाम्या कोनाड्यात राणीच होती, स्वातंत्र्यानंतर हलवली. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे भारत. पगडीवाले नाना शंकरशेठ, तुमचा अंदाज बरोबर. रेल्वे आणायच्या खटपटीत ते आणि जमशेटजी जीजीभॉय पहिल्यापासून होते, म्हणून चेहरे तिथं.
महापालिकापण स्टीव्हन्सचीच, १८९३ ला पूर्ण. ती पंखवाली म्हणजे मुंबई शहर, ‘अर्ब्ज प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर. गंमत म्हणजे अंदाजपत्रक होतं ११ लाख ८८ हजारांचं आणि बिल्डिंग झाली ११ लाख २० हजारांच्या आत. महापालिकेचं काम आणि पैसे उरले! आमच्या गल्लीतल्या गटाराचा हिशोब आठवून डोळ्यात पाणी आलं.
नक्षी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी किपलिंगच्या हाताखाली केली, तोच, जंगल बुकवाल्याचा बाप.

गावभागातली
किपलिंगचं नाही हो जुळत. लॉकवूड किपलिंग १८७५ लाच लाहोरला गेले आणि स्टेशनचं काम सुरू झालं १८७८ ला. त्यांचं काम बघायचं तर क्रॉफर्ड मार्केटला जा, दारांवरचे उठावाचे शेतकरी त्यांचे आणि आतलं कारंजंपण. स्टेशनवर जे. जे. ची मुलं होतीच, पण जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली, ज्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या ते. मी जे. जे. ला ए. एम. (आर्ट मास्टर) केलंय, शिकताना आम्हाला तिथं स्केचिंगला नेऊन बसवायचे, मोराचा पिसारा काढता काढता हात दुखायचा.
थोडं इंग्लंडचंही आहे. घुमटावरची हातात मशाल घेतलेली प्रगती, गेटवरचे सिंह-वाघ, ही कामं थॉमस अर्प नावाच्या शिल्पकाराची. पण पानं-फुलं-प्राणी जवळपास सगळं इथल्या हातांचं. असिस्टंट इंजिनिअरसुद्धा आपलेच, सीताराम खंडेराव, पण त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळे स्टीव्हन्स स्टीव्हन्स करतात.
आणि कडेला तोंड वासलेले प्राणी दिसले का? ते गोमुखाचेच भाऊबंद. छपरावरचं पाणी भिंतीवरून ओघळू नये, लांब पडावं म्हणून. फक्त आपण गाय केली आणि त्यांनी राक्षस.

टाकी_हातोडा
दगडाचं मी सांगतो, आमच्यात चार पिढ्या हेच काम, आजोबा गावोगाव जात्याला टाकी लावत फिरायचे. भिंतीला कुर्ला-मालाडकडचा दगड वापरलाय आणि नक्षीला जास्त करून पोरबंदरचा. पोरबंदरचा म्हणजे चुनखडी, खाणीतनं निघाला की साबणासारखा, पोरानं पण पान काढावं. तेच पान आपल्या काळ्या पाषाणात काढायला बसा, दहा घाव घातल्यावर एक कपची निघते आणि ती पण नको तिथली. म्हणून तर आपलं सांगलीचं गणपती मंदिर बघा, काळाभोर दगड, सांधे असे की ब्लेड जाणार नाही, पण झालर-जाळी कमी. दगड जे देतो तेच कारागीर घेतो. चुनखडीची खोड अशी की समुद्राचा वारा, धूर, पाऊस सगळं खाते, म्हणून तिथल्या बारीक कामाच्या कडा बोथट झाल्यात.

फोर्टातला_सातारकर
गावभागातली ताई, बरोबर, मीच लोकांना वीस वर्षं किपलिंग सांगत आलो, आता सगळ्यांना फोन लावतो 😂

कृष्णामाई७४
काळ्या दगडात नक्षी होत नाही? खिद्रापूर विसरला का भाऊ. तिथल्या कोपेश्वर मंदिराचे खांब बघून या, आरशासारखे गुळगुळीत.

टाकी_हातोडा
होत नाही कुठं म्हणलं मी, वेळ लागतो म्हणलं. खिद्रापूरला राजा होता, त्याला पिढी गेली तरी चालत होतं, आणि देवाचं काम अर्धवट राहिलं तरी कुणी बिल अडवत नव्हतं. इथं रेल्वे कंपनी, तारीख ठरलेली, ठेकेदार डोक्यावर. काळ्या दगडात काढत बसले असते तर अजून मचाण लावलेलं असतं.

गावभागातली
@टाकी हे आमच्या सरांनी चार लेक्चरमध्ये सांगितलं नव्हतं 🙏 भडंगवाले, परत गेलात तर तिकीट खिडक्यांच्या हॉलमध्ये छत बघा, निळ्यावर सोनेरी तारे आहेत. लोक खाली लाईनमध्ये मोबाईल बघत असतात.

भडंग_सांगली
सगळ्यांना धन्यवाद. पुढच्या महिन्यात परत तारीख पडलीय (पडणारच), यावेळी दुर्बीण घेऊन जातो. टाकीभाऊ, तुमच्यासाठी काही बघू का?

टाकी_हातोडा
मोराच्या पिसाऱ्याची खालची कड, जिथं पाऊस लागत नाही ती. झूम करून फोटो टाका. टाकीचे घाव राहिले असतील तर तिथंच राहिले असतील, कोरणारा डावखुरा होता का तेवढं बघायचंय.