वाळक्या पानांवरून हवामानबदल खरंच कळतो का?

शंकासुर:
हर्बेरियममध्ये कागदावर चिकटवलेली जुनी वाळकी रोपं असतात ना, त्यावरून म्हणे हवामानबदल मोजतात. मला काही पटेना. एका शीटवर एक फांदी आणि एक तारीख, म्हणजे त्या दिवशी कोणीतरी ती तोडली एवढंच कळणार, झाडाला बहर कधी आला ते कुठे कळतंय? आणि पान तर पार वाळून गेलेलं, त्यात मोजायला उरतं काय?

पानगळ:
एका शीटवरून काहीच कळत नाही हे बरोबरच आहे. पण जगभरात मिळून ४० कोटींच्या आसपास शीट्स आहेत रे. बोस्टनच्या अर्नॉल्ड आर्बोरेटम या झाडांच्या बागेत रिचर्ड प्रिमॅक हा संशोधक आणि मंडळींनी तर मस्त युक्ती केली, १८८५ पासून ज्या झाडांच्या फुललेल्या फांद्या शीटवर होत्या त्यातली बरीच झाडं बागेत अजून उभीच होती, मग २००३ मध्ये तीच झाडं कधी फुलतात ते बघितलं आणि जुन्या तारखा त्याच्याशी ताडून पाहिल्या. १९०० ते १९२० च्या मानाने १९८० ते २००२ मध्ये बहर सरासरी ८ दिवस आधी! झाड तेच, जागा तीच, त्यामुळे पळवाटच नाही.

दगडफूल:
पान वाळलं तरी पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची श्वास घ्यायची बारीक छिद्रं, दिसतात, मायक्रोस्कोपखाली सरळ मोजता येतात. वुडवर्ड नावाच्या संशोधकाने १९८७ मध्ये हेच केलं, तर २०० वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे ४०% घटलेली निघाली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की कमी रंध्रांत झाडाचं भागतं आणि पाणीही कमी उडतं, म्हणून. परागकणांचंही तसंच, गोल्डनरॉड या पिवळ्या फुलांच्या रानरोपाच्या १८४२ पासूनच्या नमुन्यांत परागातलं प्रोटीन जवळपास एक तृतीयांशाने कमी झालंय. मधमाश्यांचं खाणं आहे ते, मला तर हेच जास्त भीतीदायक वाटतं.

शंकासुर:
रंध्रांचं पटलं. पण गोळा करणारे लोक जिथे रस्ता तिथेच जाणार ना? आणि फूल छान दिसलं तरच तोडणार.

पानगळ:
हो, हा घोळ आहेच, रस्त्याकडेची झाडं जास्त, आडरानातली कमी. म्हणून पडताळा घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये कोळ्यासारख्या दिसणाऱ्या एका ऑर्किडची १८४८ ते १९५८ ची शीट्स आणि १९७५ ते २००६ ची प्रत्यक्ष रानातली नोंद शेजारी ठेवली, दोन्हीकडे उत्तर एकच, वसंतातलं तापमान १ अंशाने वाढलं की फुलं साधारण ६ दिवस आधी. मात्र लेबलवर तारीख आणि जागा नसेल तर या कामाला ती शीट शून्य.

शंकासुर:
म्हणजे लहानपणी मी वहीत दाबून ठेवलेली पानं बाद. तारीखच नाही एकावरही.

दगडफूल:
आता अंदाजाने टाकू नकोस फक्त 😄