‘आचरणातून साक्ष’ ही पळवाट आहे म्हणे!

नगरची भाची
परवा इथे एका ब्रदरनी लिहिलं की "मी तोंडाने सुवार्ता सांगत नाही, माझं आचरण हीच माझी साक्ष, असं म्हणणारे ख्रिस्ती भित्रे आहेत, त्यांना ख्रिस्ताची लाज वाटते." खाली आमेन आमेनची ही रांग. तेव्हापासून डोक्यात जातंय म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

माझी आई नर्स. ट्रेनिंग मिशन हॉस्पिटलातलं, नोकरी सरकारी. ३१ वर्षांत तिने एकाही पेशंटला येशूचं नाव सांगितलं नाही, ड्युटीवर ते करायचं नसतं एवढं तिला कळत होतं. पण रात्रपाळीला जिचं कोणी नाही त्या म्हातारीचं अंग पुसून द्यायचं, वॉर्डबॉय एखाद्याकडे पैसे मागतोय दिसलं की ते स्वतःच्या पर्समधून द्यायचे आणि मग त्याला जिन्याखाली नेऊन असा झापायचा की महिनाभर तो समोर यायचा नाही. ती गेली तेव्हा कबरस्तानात चर्चच्या मंडळीतल्यांपेक्षा बाहेरचे जास्त होते. एक बाई मला विचारते, तुमच्यात दहाव्या-बाराव्याला काय असतं, मला यायचंय. ही भित्री का?

आणि आमच्याच गल्लीत एक जण आहेत, गाडीच्या काचेवर भलंमोठं "येशू तारतो" आणि दूधवाल्याचे चार महिने थकवलेत. दूधवाला मला म्हणतो, ताई तुमच्या देवाकडे हिशोब नसतो का. झाली की साक्ष, अख्ख्या गल्लीला झाली!

वचनवीर
सलाम ताई. ती पोस्ट माझीच. आईंबद्दल आदर आहे, पण तुम्ही मुद्दा सोडून भावनेवर गेलात. बायबलात पौलाचं पत्र, रोमकरांस १०:१७ काढा, विश्वास ऐकण्याने होतो. बघण्याने होतो असं पौल म्हणत नाही. लोक म्हणाले "सिस्टर फार चांगल्या होत्या", बरं, पुढे? चांगली माणसं सगळीकडेच असतात. कोणामुळे चांगल्या ते सांगितलंच नाही तर श्रेय आईंना गेलं, प्रभूला काय मिळालं?

कुपारी पोरगा
आमच्या वसईत लहानपणापासून ऐकतोय, असिसीचे संत फ्रान्सिस म्हणायचे सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्दही वापरा. विषय संपला.

वचनवीर
नाही संपला. हे वाक्य फ्रान्सिसच्या लिखाणात कुठेही नाही, व्हॉट्सॲपवर आहे. तो माणूस गावोगाव उपदेश करत फिरायचा, १२१९ मध्ये इजिप्तच्या सुलतानासमोर जाऊन उभा राहिला. तिथे काय नुसतं गोड हसून परत आला?

कुपारी पोरगा
बरं बाबा, वाक्य मागे. पण कृतीतून उपदेश करा असं त्याने आपल्या संघातल्या भावांसाठी नियमात लिहिलंय, ते तरी ठेवशील ना? आणि त्याच किनाऱ्यावर क्रुसेडची, क्रॉस लावलेली अख्खी फौज बसली होती, तेही ख्रिस्ताचंच नाव घेत होते. सुलतानाने ऐकून घेतलं ते हात रिकामे असलेल्याचं. आमचे फादर दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा विहिरी आणि जमीन वाचवायची होती, कोणाला बाप्तिस्मा द्यायचा नव्हता. २०२० ला उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून ओरड झालीच, पण तोवर मराठी वाचणाऱ्यांना माणूस माहीत झाला होता.

सदाशिव पेठ रिटर्न
मी ख्रिश्चन नाही, वाचून राहवलं नाही. लोकलमध्ये हातात पत्रक कोंबणाऱ्यांचा मला वैताग आहेच, पण "नुसतं आचरण" हेही दिसतं तितकं भोळं नसतं हो. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, पण विधवा पोरींसाठी काढलेल्या शारदा सदनात धर्म शिकवणार नाही म्हणून त्यांनी कबूल केलं होतं. मग स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, पोरी येऊन बसायला लागल्या. १८९३ ला रानडे-भांडारकरांसकट सल्लागारांनी अंग काढून घेतलं. निराधार पोरींसमोर उघडं दार म्हणजे प्रचारच की, फक्त आवाज न करता केलेला.

नगरची भाची
वा! बोललं तर प्रचार, नाही बोललं तर आवाज न करता प्रचार. मग तिने काय स्वतःच्या घरात कडी लावून, चोरासारखं गुडघे टेकायचे? त्याच घरात पोरींना त्यांची पूजा-व्रतं करायची मोकळीक होती, ते कोण सांगणार? आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी केडगावला आणल्या, तेव्हा सल्लागार कुठे होते?

सदाशिव पेठ रिटर्न
दुष्काळाचं मान्य, तिथे आमच्याकडे उत्तर नाही. दाराचं मात्र मान्य नाही.

तिसऱ्या बाकावरचा
रमाबाईंचं दार झालं, फ्रान्सिस झाला. आता घरचं बोलू का? आमच्या मंडळीत दर रविवारी साक्ष देणारे निम्मे लोक कागदावर हिंदू आहेत. पोराच्या शाळेच्या दाखल्यावर एक, चर्चच्या रजिस्टरात दुसरंच. तोंडाने साक्ष की आचरणाने साक्ष यावर भांडताय, तहसीलमध्ये कोणती साक्ष देता ते सांगा.

कुपारी पोरगा
हे इथे कशाला आणलंस.

तिसऱ्या बाकावरचा
कारण तुम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. तुमची केळीची वाडी होती, बाप्तिस्मा घेऊन चारशे वर्षं झाली. आमच्या पणज्याला गावाच्या विहिरीवर पाणी नव्हतं. तो ख्रिस्ती झाला, तरी विहीर मिळाली नाही, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत फक्त हिंदूंना ठेवली, आमची ती पण गेली. १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, आम्ही अजून बाहेरच. आयोगावर आयोग चाललेत. वर नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्ट पुदुच्चेरीच्या केसमध्ये म्हणालं, चर्चला जाऊन अनुसूचित जातीचा दाखला मागणं ही संविधानाची फसवणूक. म्हणजे देव पाहिजे तर पोट सोडा.

वचनवीर
पोट सोडा असंच तर म्हटलंय प्रभूने, वधस्तंभ उचला म्हणजे दुसरं काय? खोटा दाखला हे खोटंच. ताई, राग नका मानू, आईंच्या सर्व्हिस बुकात धर्म काय होता?

तिसऱ्या बाकावरचा
लाज वाटते का रे मेलेल्या माणसाबद्दल हे विचारायला?

नगरची भाची
थांबा, उत्तर मी देते. हिंदू महार. आजोबांनी शाळेत घालताना तसंच लिहिलं, त्यावर नर्सिंगला सीट मिळाली, त्यावर आम्ही तीन भावंडं शिकलो. घरी बायबल होतं, ऑफिसात कपाळ मोकळं होतं, सगळ्यांना माहीत होतं, फक्त कागदाला नव्हतं. ती जनगणनेच्या बाईला मात्र ख्रिश्चनच सांगायची, मुद्दाम जोरात. शेवटी शेवटी म्हणायची, एवढा एक रकाना देवासमोर मला अडकवणार. मी सांगायचे, काही नाही गं. मला तरी काय माहीत होतं.

आता वापरा हे पुढच्या पोस्टला, ब्रदर. दोनशे आमेन येतील.

कुपारी पोरगा
🙏 आमच्याकडे हे खरंच कोणी कधी बोलत नाही.

वचनवीर
नाही वापरणार.

माझ्या वडिलांनी दाखल्यावर ख्रिश्चन लिहिलं, ताठ मानेने. ओबीसीतून फॉर्म भरला, मेडिकल दोन मार्कांनी गेलं. शेजारच्या बाकावरचा आमच्याच मंडळीतला, माझ्यापेक्षा कमी मार्क, तो आज डॉक्टर आहे आणि ख्रिसमसला स्टेजवर साक्ष तोच देतो. मी मेडिकलच्या काउंटरवर गोळ्या विकतो. त्यामुळे "गुपचूप आचरण" शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं, हे खरंय. तुमच्या आईंवर काढायला नको होतं. "भित्रे" शब्द मागे घेतो, बाकी पोस्ट तशीच राहणार, रोमकरांस १०:१७ पण.

नगरची भाची
राहू दे. पण राग दाखल्यावर काढायचा होता तर दाखल्यावरच लिहायचं होतं, नर्सबाईंवर कशाला.

तिसऱ्या बाकावरचा
आणि राग १९५० वर काढा, एकमेकांवर काय काढताय. मी सांगून दमलो.

सदाशिव पेठ रिटर्न
मला यातलं निम्मं माहीतच नव्हतं. दाराबद्दल मत बदललेलं नाही, तरी सांगून ठेवतो.

वचनवीर
एक राहिलं. काचेवर स्टिकर माझ्याही आहे. दुधाचं बिल महिन्याच्या १ तारखेला देतो.

नगरची भाची
स्क्रीनशॉट टाका.